कोठारातली दारू म्हातारी कशी होते

रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' साधारण 1715 सालचं. कोल्हापूरच्या दुसऱ्या संभाजीराजांसाठी लिहिलेल्या या ग्रंथात गडकोटांचं मोठं प्रकरण आहे आणि त्यात दारूखान्याबद्दल चार गोष्टी सांगितल्या आहेत. दारूखाना राहत्या घरांजवळ नको, घरांच्या वाऱ्यावरही नको. भोवती निरगुडीसारख्या झाडांचं दाट कुंपण हवं. आत तळघर, तळघरात माच आणि माचावर दारूची मडकी. ओल लागता कामा नये. मग येतो खरा महत्त्वाचा हुकूम. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः यावं, दारू आणि बाण बाहेर काढावेत, त्यांना ऊन द्यावं, पुन्हा आत ठेवून शिक्का करावा.

गडावर शिबंदी किती, तोफा किती, याची मोजदाद सगळेच करतात. कोठारात पडून असलेली वस्तू पडल्यापडल्या बिघडते आणि त्यासाठी एक माणूस, एक मुदत आणि एक शिक्का लागतो, हे लिहून ठेवणारा कारभारी विरळा. जागा ठरवताना अमात्यांनी वाऱ्याचाही विचार केला, यावरून एखादं कोठार उडालेलं त्यांच्या कानावर नक्की आलं असावं, असं मला वाटतं.

ती दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ढोबळ प्रमाण 75, 15 आणि 10. तीन पदार्थ शेजारी शेजारी नांदतात, ठिणगी पडेपर्यंत एकमेकांना काही करत नाहीत. या दारूचा वैरी एकच, ओल. सोरा पुरता शुद्ध केलेला नसला की त्यातले इतर क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. सह्याद्रीच्या चार महिन्यांच्या पावसात काय होत असेल ते सांगायला नको. पण पाणी उडवून लावलं की दारू बऱ्याच अंशी पूर्ववत. म्हणजे हवालदाराला दारू किती दिवस टिकेल याचं भाकीत करावं लागत नव्हतं. म्हातारपण उन्हात ठेवून घालवता येत होतं.

युरोपात याच काळात दारूची ताकद मोजायची एक साधी रीत होती. एका छोट्या उखळी तोफेत ठरलेल्या वजनाची दारू भरायची, ठरलेल्या वजनाचा गोळा ठेवायचा आणि तो किती लांब पडतो ते मोजायचं. गोळा अलीकडे पडला की पिंप नापास. कंपनी सरकारने हे सगळं शास्त्र इकडे आणलं. मुंबईत माझगावला बारुदाचा कारखाना होता. रे रोडजवळच्या 'दारूखाना' नावाच्या भागात आज जहाजांच्या भंगाराचा धंदा चालतो. मुंबईकराला ते नाव ऐकून तोफा आठवत नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दारूच बदलली, आणि हवालदाराचा जुना उपाय उलटा पडू लागला. 1846 मध्ये शोनबाइनने कापसावर नत्राम्ल आणि गंधकाम्लाची क्रिया करून स्फोटक कापूस तयार केला. 1884 मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने त्यापासून बिनधुराची दारू बनवली. 1889 मध्ये इंग्लंडात फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्युअर यांनी कॉर्डाइट आणलं. या नव्या दारूत ज्वलनाचा प्राणवायू आणि जळणारा भाग एकाच रेणूत बांधलेला असतो. तो बंध मुळात कच्चा. कोणी हात लावला नाही तरी तो थोडाथोडा सुटत राहतो आणि त्यातून नत्राचे वायू बाहेर पडतात. हेच वायू उरलेल्या दारूचं विघटन आणखी वेगाने करतात. त्यातून उष्णता निघते, उष्णतेने वेग वाढतो, आणि डबा बंद असला तर एक दिवस तो स्वतःच पेट घेतो. अशा मालाला ऊन दाखवणं म्हणजे त्याचं आयुष्य आपल्या हाताने कापणं.

फ्रान्सला याची किंमत लगोलग मोजावी लागली. 12 मार्च 1907 रोजी तुलाँच्या गोदीत 'इएना' ही युद्धनौका आपल्याच दारूकोठारासह उडाली. शंभराहून जास्त माणसं गेली. साडेचार वर्षांनी, 25 सप्टेंबर 1911 रोजी त्याच बंदरात 'लिबर्ते' उडाली आणि मृतांचा आकडा तीनशेच्या घरात गेला. दोन्ही वेळा समोर शत्रू नव्हता. जुन्या झालेल्या दारूवरच बोट ठेवलं गेलं.

मग प्रश्न असा उभा राहिला की आतून सडत चाललेली, पण बाहेरून जशीच्या तशी दिसणारी वस्तू ओळखायची कशी? एबलनेच एक चाचणी बसवली होती. दारूचा नमुना काचेच्या नळीत घ्यायचा, वर आयोडाइड आणि स्टार्च लावलेला ओलसर कागदाचा तुकडा टांगायचा, नळी ठरावीक तापमानाच्या पाण्यात ठेवायची आणि घड्याळाकडे बघत बसायचं. नत्राचे वायू निघू लागले की कागदावर फिकट तपकिरी रेघ उमटते. रेघ किती मिनिटांनी उमटली, यावर त्या लॉटचं, म्हणजे एकत्र बनलेल्या मालाचं, भवितव्य. ही चाचणी इतकी टिकाऊ निघाली की नागरी वापराच्या स्फोटकांसाठी आपल्या देशातल्या नियमांत तिने अजून जागा सोडलेली नाही. त्या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचं मुख्यालय नागपूरला आहे आणि तिचं परीक्षण केंद्र नागपूरजवळच्या गोंडखैरीला. लष्कराचा माल मात्र तिच्या अखत्यारीत येत नाही.

दुसरा उपाय दारूतच घालायचा. डायफिनाइलअमाइनसारखा पदार्थ शेकड्याला एखादा भाग मिसळला की तो सुटणारे नत्राचे वायू पकडून ठेवतो. ही दारूची शिल्लक. दर काही वर्षांनी नमुना काढून ही शिल्लक मोजली की दारू किती खर्ची पडली ते कळतं. शिल्लक अमुक टक्क्यांखाली आली की लॉट बाद. साठवणीच्या शास्त्रात पहिल्यांदाच पुढचं सांगता येऊ लागलं. आज पास की नापास, याच्याही पलीकडे जाऊन अजून किती वर्षं, हे परीक्षक लिहू शकला.

हिंदुस्थानात हे काम करणारं रसायन परीक्षकाचं कार्यालय 1908 साली नैनीतालला निघालं आणि पुढे पुण्याजवळ खडकीला आलं. खडकीत 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना होताच. त्याच कार्यालयाच्या वंशात 1960 मध्ये स्फोटक संशोधन प्रयोगशाळा झाली आणि आज ती सुतारवाडीची उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा, अर्थात एचईएमआरएल, म्हणून ओळखली जाते. दारू म्हातारी कशी होते याचा अभ्यास महाराष्ट्रात असा शंभर वर्षांचा आहे. पुढे इथल्याच दारूकोठारात जे घडलं ते ज्ञान नव्हतं म्हणून घडलं, असं म्हणायची सोय म्हणूनच नाही.

1889 मध्येच स्वीडनच्या अऱ्हेनिअसने तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचं गणित मांडलं होतं. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग दुप्पट ते तिप्पट होतो. यातून एक युक्ती निघाली. दहा वर्षं वाट बघायची नसेल तर माल भट्टीत ठेवा. नाटो देशांच्या मानकात बिनधुराच्या दारूचा नमुना 80 अंश सेल्सिअसला 10.6 दिवस उष्णतामापकात ठेवतात आणि तेवढ्या काळात त्यातून फार उष्णता निघाली नाही तर तो लॉट 25 अंशांच्या कोठारात दहा वर्षं सुरक्षित मानतात. सगळी मेख त्या 25 मध्ये आहे. मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 च्या पुढे जाणं नवलाचं नाही आणि बंद कोठारात रात्रीही ती ऊब सहज उतरत नाही. कोठाराचं सरासरी तापमान 35 धरलं, तर त्याच ढोबळ नियमाने दहा वर्षांची हमी तीन ते पाच वर्षांवर येते. शेल्फ लाइफ डब्यावर छापलेली असते, कोठार कुठे आहे ते डब्याला ठाऊक नसतं.

शिवाय गोळा म्हणजे नुसती दारू नव्हे. त्याला फ्यूज असतो; फ्यूजमध्ये स्प्रिंग, पिन, रबराची चकती, लाखेचा लेप आणि एक इवलासा डिटोनेटर. रबर कडक होतं, स्प्रिंगला गंज चढतो. डिटोनेटरमध्ये बऱ्याचदा लेड अझाइड असतं. त्याला तांब्याचं वावडं. ओल शिरली की लेड अझाइडमधून आम्ल सुटतं आणि ते जवळच्या पितळेवर, तांब्यावर काम करत कॉपर अझाइड तयार करतं. हे इतकं नाजूक की नुसत्या घासण्याने उडावं. म्हणून डिटोनेटरची टोपी ॲल्युमिनियमची करतात. अशा वस्तूचं एकच एक वय नसतं. प्रत्येक भाग आपापल्या गतीने म्हातारा होतो. कधी गोळा वेळेला फुटत नाही, कधी नको त्या वेळी फुटतो. पहिल्याला बेभरवशाचा म्हणतात, दुसऱ्याला धोकादायक. कोठार सांभाळणाऱ्याला दोन्हींचा वेगवेगळा हिशेब ठेवावा लागतो.

हा हिशेब ज्याला समजून घ्यायचा असेल त्याने मेअखेरीस वाशिम जिल्ह्यातल्या जऊळक्याला जावं. अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरचं, मालेगाव तालुक्यातलं हे गाव सोयाबीनच्या पट्ट्यात आहे. घरचं बियाणं पेरायचं असेल तर शेतकरी पोत्यातून 100 दाणे काढतो, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडतो, गुंडाळी करून सावलीत ठेवतो, पाणी शिंपडत राहतो आणि पाच-सात दिवसांनी मोड मोजतो. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीचं प्रमाण, कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी तर पोतं बाजारात. सोयाबीनचं साल पातळ, ओल आणि उष्णता त्याला सोसत नाही. 2020 च्या खरिपात बियाणं उगवलंच नाही म्हणून राज्यभर तक्रारींचा पाऊस पडला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

लष्करी कोठारातली तपासणी हीच आहे: थोडे नमुने खर्ची घालायचे आणि उरलेल्यांबद्दल बोलायचं. आकडे मात्र कठोर. समजा एका लॉटमधले 90 टक्केच गोळे चांगले आहेत. त्यातले सलग 22 उडवून एकही न चुकण्याची शक्यता दहांत एकाहून किंचित कमी असते. म्हणून 22 चे 22 ठीक उडाले तर परीक्षक 90 टक्के खात्रीने एवढंच म्हणू शकतो की लॉट किमान 90 टक्के चांगला आहे. 99 टक्के चांगला म्हणायचं असेल तर तेवढ्याच खात्रीसाठी एकही न चुकता 230 उडवावे लागतील. महागड्या क्षेपणास्त्रांच्या बाबतीत एवढे नमुने कोण देणार? म्हणून मग भट्टी, उष्णतामापक, क्ष-किरण आणि शिल्लक मोजणारी यंत्रं. शेतकऱ्याची एक सोय इथे नाही. उगवण कमी निघाली तर तो दोन किलो जास्त पेरतो. नापास गोळ्यांचं काय करायचं, हा प्रश्न चाचणीने सुटत नाही. चाचणी झाल्यावर तो सुरू होतो.

तो प्रश्न विदर्भात पुलगावला येऊन पेटला.

वर्धा नदीकाठचं पुलगाव मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर आहे, सरहद्दीपासून आणि समुद्रापासून बरंच आत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे दारूगोळ्याचं भांडार उभं राहिलं. आज ते केंद्रीय दारूगोळा भांडार, देशातलं सर्वात मोठं. विस्तार सुमारे सात हजार एकरांचा. कारखान्यांतून आलेला माल इथे उतरतो आणि इथून देशभरच्या भांडारांना जातो. एकमेकांपासून ठरावीक अंतरावर शेड, मध्ये मातीचे बांध. एका शेडमध्ये अपघात झाला तरी दुसरं वाचावं यासाठी. अमात्यांचा वारा आणि निरगुडीचं कुंपण इथे अंतराच्या तक्त्यांत उतरलेलं दिसतं.

30 मे 2016 ची रात्र उलटून 31 तारीख लागली होती. मध्यरात्रीनंतर एका शेडला आग लागली. लेफ्टनंट कर्नल आर. एस. पवार, मेजर के. मनोज कुमार, अग्निशमन दलाची माणसं आणि संरक्षण सुरक्षा दलाचे जवान ती विझवायला धावले. आग विझवत असतानाच शेड उडालं. पहिल्या दिवशी 16 मृत सांगितले गेले. अखेरचा आकडा 19. आसपासच्या गावांतल्या लोकांना रात्रीतून घरं सोडावी लागली. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर त्याच दिवशी पुलगावला पोहोचले. आग एका शेडपुरती राहिली, शेजारची शेडं वाचली. अंतर आणि बांध यांनी आपलं काम केलं होतं.

शेडमध्ये रणगाडाविरोधी सुरुंग होते आणि चौकशीचा रोख त्यांच्यावरच गेला. सुरुंगात टीएनटी असतं. 1863 मध्ये युलिउस विलब्रांडने ते बनवलं तेव्हा ते पिवळा रंग म्हणून चाललं. शुद्ध टीएनटी 80 अंशांच्या जरा पुढे वितळतं, तोवर घट्ट. वितळवून गोळ्यात ओतता येतं म्हणून तर ते सैन्यांचं लाडकं. शुद्धता जरा घसरली, टोल्युइनचे अर्धवट नायट्रो केलेले भाईबंद त्यात राहिले की मिश्रण बरंच आधी मऊ पडतं. उन्हाळ्यात त्यातून तेलकट द्रव पाझरतो, तो सांध्यातून, आट्यांतून बाहेर येतो आणि लाकडी खोक्यांत मुरतो. म्हणून टीएनटी पहिल्या प्रतीचं ठरवण्यासाठी ते कोणत्या अंशाला गोठतं ते बघतात, हद्द 80.2 अंश. एका अंशाच्या दशांशावर प्रत ठरते ती याच कारणाने. हा दोष पहिल्या महायुद्धापासून माहितीतला आहे.

पुलगावच्या सुरुंगांतून टीएनटी पाझरतं आहे हेही आग लागण्यापूर्वी माहीत होतं. ते दोषी ठरवून बाजूला काढले होते. बाजूला काढून ते एका शेडमध्ये ठेवले, आणि ते शेड विदर्भात होतं. भाकीत करणाऱ्यांनी आपलं काम केलं होतं. निदान लिहिलेलं होतं, रोगी ओळखलेला होता. पुढे सैन्य म्हणत राहिलं की माल सदोष बनला. कारखान्यांच्या बाजूने साठवणीकडे बोट दाखवलं गेलं. दोन्ही म्हणण्यांत तथ्य असू शकतं. अशुद्ध टीएनटी गार कोठारात कदाचित गप्प बसलं असतं आणि शुद्ध टीएनटी तापलेल्या शेडमध्येही. दोन्ही दोष एकत्र आले आणि मध्ये वर्षं गेली.

बरोबर एक वर्ष आधी, मे 2015 मध्ये, सैन्याच्या दारूगोळ्याच्या व्यवस्थापनावरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत मांडला गेला होता. वर्तमानपत्रांत गाजली ती युद्धसाठ्याची टंचाई; किती प्रकारचा दारूगोळा दहा दिवसही पुरणार नाही, याची. त्याच अहवालात भांडारांत आग विझवण्याची साधनं ठरल्याप्रमाणे नाहीत, त्यामुळे ती आगीच्या सावटाखाली चालली आहेत, असंही होतं. ते वाचून कोणी सरकारला जाब विचारल्याचं मला आठवत नाही. कमी माल ही बातमी होते, निकामी माल होत नाही. त्याच्याही आधी, 28 एप्रिल 2000 ला भरतपूरचं भांडार वाळलेल्या गवताला लागलेल्या आगीत जळालं होतं. तिथे तर रसायनशास्त्राचाही प्रश्न नव्हता. गवत कापलं नव्हतं.

बाद मालाची अडचण समजून घ्यायला हवी. चालू मालाला मालक असतो: तुकडीला तो हवा असतो, कारखान्याला त्याचं बिल हवं असतं. बाद माल कोणालाच नको. तो दुरुस्त करायचा की नष्ट करायचा, खर्च सैन्याचा की कारखान्याचा, परत न्यायचा तर पाझरता सुरुंग रेल्वेत चढवायचा कोणी, या प्रश्नांची उत्तरं येईपर्यंत फाइल फिरते. फाइल गार खोलीत असते. नोंदवहीत 'बाद' एवढा शेरा आला की अर्धी जबाबदारी संपल्यासारखी वाटते. खरं तर शेल्फ लाइफ संपल्यानंतर प्रत्येक उन्हाळा जास्त महाग पडतो, आणि तपासणीचा कोणताही तक्ता त्या उन्हाळ्यांसाठी केलेला नसतो. अमात्यांच्या हवालदाराला मुदत होती, आठ ते पंधरा दिवस. बाद ठरल्यापासून नष्ट होईपर्यंतच्या काळाला तशी मुदत हवी होती आणि मुदत चुकली तर उत्तर देणारा एक माणूस हवा होता.

नष्ट करायचं ठरलं तरी ते काम सोपं नसतं. पुलगाव भांडाराच्या जवळ सोनेगाव आबाजी गावाशेजारी जुना दारूगोळा नष्ट करायचं मैदान आहे. रीत अशी: खोल खड्डे खणायचे, खोकी आणून आत रचायची, वर वाळूची पोती घालायची, माणसं लांब गेली की उडवून द्यायचं. यातला यंत्राचा भाग शेवटच्या बटणापुरता. खोकी उतरवणं, उचलणं, रचणं हे हातांनी होतं. सुरक्षित गोळा हाताळायचे जे नियम, त्याहून कडक नियम म्हाताऱ्या गोळ्याला लागतात, कारण त्याच्या फ्यूजमध्ये काय तयार झालं आहे ते कोणी पाहिलेलं नसतं. प्रत्यक्षात हे काम कंत्राटदाराकडे जातं आणि कंत्राटदार मजूर आणतो तो शेजारच्या गावांतून.

20 नोव्हेंबर 2018 च्या सकाळी सातच्या सुमारास तिथे जबलपूरच्या खमरिया कारखान्याचा मुदत संपलेला माल आला होता. गाडीतून खोकी खड्ड्याकडे नेली जात असताना स्फोट झाला. सहा जण ठार झाले, दहाहून जास्त जखमी. ठार झालेल्यांत एक खमरियाच्या कारखान्यातला कर्मचारी होता; बाकीचे बहुतेक आसपासच्या गावांतले रोजंदारीवर आलेले मजूर. असे कारखाने चालवणारं आयुध निर्माणी मंडळ 1 ऑक्टोबर 2021 पासून मोडलं आणि त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याचे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले आणि तिचं मुख्यालय पुण्यात आलं, एचईएमआरएलपासून काही किलोमीटरवर.